येस, टीचर

बँकेत होते तोवर मी रोज इंग्रजी लिहिलं. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर', 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू'. कर्ज नाकारण्याचं इंग्रजी मला उत्तम येतं. निवृत्तीनंतर वाईला राहायला आले आणि जवळच्याच एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी विचारलं, "मॅडम, आठवड्यातून दोनदा दुसरी-तिसरीचं इंग्रजी घ्याल का?" शाळा द्विशिक्षकी. चार वर्ग, दोन शिक्षक, आणि त्यातला एक कायम कसली तरी ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेला. मी लगेच हो म्हटलं. सात वर्षांच्या पोरांना शिकवायला असं काय लागतं? आपल्याला येतं ते सांगायचं. घरी येऊन मी पाठ लिहून काढला: नाम म्हणजे काय, अनेकवचन कसं करतात, 'एस' कुठे आणि 'ई-एस' कुठे. नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "नियमात बसतंय. मंजूर करायला हरकत नाही."

वर्गात पाऊल टाकलं तर सगळी पोरं बस्करांवरून उठून एका सुरात म्हणाली, "गुऽऽड मॉर्निंऽऽग टीऽऽचर." मी खूश. "हाऊ आर यू?" असं विचारलं. "आय ॲम फाईन थँक्यू टीऽऽचर." त्यात एक जण पायाचा अंगठा ठेचकाळून रडत होता, तोही रडता रडता फाईन होता. मग मी नाम शिकवलं. इंग्रजीत सांगितलं, मराठीत सांगितलं, परत इंग्रजीत सांगितलं. "अंडरस्टँड?" "येस टीचर!" इतका एकमुखी होकार मला बँकेच्या वार्षिक सभेतही ऐकायला मिळाला नव्हता. शंका आली म्हणून पुढच्या मुलीला विचारलं, "मी काय सांगितलं गं?" ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमची साडी लय भारी हाय."

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. तोवर आपली भाषा लिहा-वाचायला पक्की झालेली, शुद्धलेखनाचा मार खाल्लेला. त्यामुळे व्याकरणाचा नियम सांगितला की निदान तो नियम आहे एवढं तरी कळायचं. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. म्हणजे माझ्यापुढे बसलेल्या पोरांच्या आयांनी कदाचित पहिलीत इंग्रजी ऐकलेलं, आणि मी मात्र पाचवीच्या पद्धतीने दुसरीला शिकवायला निघालेली. गुरुजींनी बालभारतीचं पुस्तक हातात दिलं. मी चाळलं. चित्रं, बडबडगीतं, 'दाखवा', 'ऐका', 'म्हणा'. मला वाटलं, यात शिकवायचं असं काहीच नाही! पुस्तक परत करताना गुरुजी शांतपणे म्हणाले, "मॅडम, शिक्षकांसाठीच्या सूचना बारीक टायपात आहेत. त्या वाचल्यात का?" जन्मभर लोकांना 'कराराच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचून सही करा' असं सांगत आले होते मी.

मग ठरवलं, रीतसर शिकायचं. पुण्यात भाची इंग्रजी शिकवते, तिला फोन केला. तिने एका दमात इतकी आद्याक्षरं सांगितली की मी कागद-पेन घेऊन बसले. सगळ्यात वजनदार तो सेल्टा: केंब्रिजचा, सुमारे १२० तासांचा, त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि प्रशिक्षक मागे बसून बघणार. फी लाखाच्या पुढे. आणि खाली बारकाईने वाचलं (आता मी बारीक टाईप वाचायला शिकले होते) तर तो मोठ्यांना शिकवण्यासाठी! सोळाच्या वरच्यांना. दुसरी टीकेटी नावाची परीक्षा, तिचा एक भाग खास लहान मुलांच्या शिक्षकांसाठी: ८० प्रश्न, ८० मिनिटं, सगळे बहुपर्यायी. तिच्यात नापास होताच येत नाही, एक ते चारपैकी कुठल्यातरी पातळीवर बसवतात. बँकेच्या माणसाला अशा परीक्षेचा लगेच संशय येतो. भाची म्हणाली, "मावशी, ती तुला काय माहीत आहे ते तपासते. तू शिकवतेस कशी, ते कोणी बघत नाही." आणि तिसरा प्रकार म्हणजे मोबाइलवर सारख्या जाहिराती येतात ते: घरबसल्या, तेही १२० तासच, फी काही हजार, वर पहिल्या इतक्या जणांना सवलत. मी अर्थातच सवलतीत गेले.

त्या कोर्सचं नाव सांगत नाही. आणि तो फसवणूक होता असंही म्हणणार नाही. व्हिडिओ होते, शेवटी प्रश्न होते. तिथे मला शब्द मिळाले. स्कॅफोल्डिंग, म्हणजे परांची: मुलाला एकदम उंचावर चढायला लावू नका, आधी बांबू बांधा. रिॲलिया, म्हणजे खरीखुरी वस्तू: केळ्याचं चित्र दाखवण्यापेक्षा केळं न्या. (नेलं. पाठ संपायच्या आत संपलं.) टीटीटी, म्हणजे बाईंच्या बोलण्याचा वेळ, तो कमी हवा. 'मुलांना सूचना कशी द्यावी?' या प्रश्नाला मी 'थोडक्यात, एका वेळी एक, करून दाखवून' हा पर्याय निवडला आणि गुण मिळवले. दुसऱ्या दिवशी वर्गात चित्र रंगवायची सूचना देता देता मी इतकी बोलले की दोघांनी तेवढ्यात चित्र रंगवून दप्तरात टाकलं होतं. ते चुकीचं चित्र होतं, पण तो दोष त्यांचा नव्हे.

कोर्समधली एक गोष्ट मात्र लगेच उपयोगी पडली: टोटल फिजिकल रिस्पॉन्स. याला मी माझ्या वहीत 'अख्ख्या अंगाने उत्तर' असं लिहिलं. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची पद्धत. त्याचं म्हणणं साधारण असं, की तान्हं मूल बोलायच्या कितीतरी आधी ऐकून वागायला लागतं. 'बॉल दे' म्हटलं की देतं, त्याला बॉल म्हणता येत नसला तरी. तर इंग्रजीही तसंच शिकवा: आधी हुकूम द्या, मुलांना अंगाने उत्तर देऊ द्या, तोंडाने बोलायची घाई नको. हुकूम द्यायला मला काय, आयुष्यभर शाखा चालवली होती. 'स्टँड अप', 'टच युवर नोज', 'टर्न अराउंड'. पोरं बेहद्द खूश. 'ओपन द डोअर' म्हटल्यावर मात्र तिसरी अख्खी दाराकडे धावली, कारण कोणी उघडायचं ते मी सांगितलं नव्हतं. 'जंप' म्हटलं तेव्हा शेजारच्या खोलीतून गुरुजी आले. तिकडे चौथीची चाचणी चालू होती.

त्याच गोंधळात एक मुलगी दिसली. कोपऱ्यात बसणारी, पहिल्या दिवसापासून माझ्याशी एक अक्षरही न बोललेली. माझ्या वहीत तिच्या नावापुढे मी 'कच्ची' असं लिहून ठेवलं होतं. ती प्रत्येक हुकूम बरोबर पाळत होती. बाकीचे शेजाऱ्याकडे बघून करायचे, ही न बघता. 'टच युवर लेफ्ट इअर' ला अर्धा वर्ग उजवा कान धरून उभा होता आणि ती एकटी डावा. कोर्समध्ये 'सायलेंट पीरियड' नावाचा शब्द आला होता. नवी भाषा शिकणारं मूल बराच काळ नुसतं ऐकत राहतं, बोलत नाही, पण आत साठवत असतं. मी तो शब्द परीक्षेत बरोबर लिहिला होता. तो माणूस होऊन समोर बसला होता तेव्हा ओळखला नाही. 'कच्ची' खोडलं, पण पेनाने लिहिलेलं, त्यामुळे खोडलेलंही दिसत राहतं.

आता मला कोर्सचं वेडच लागलं. पुढचा घेतला फोनिक्सचा. हल्ली गल्लीगल्लीत 'फोनिक्स क्लासेस' च्या पाट्या आहेत, त्यामागे काय आहे ते बघायचं होतं. यात ए-बी-सी-डी नसते. अक्षराचं नाव बाजूला ठेवून त्याचा ध्वनी शिकवतात, आणि क्रमही वेगळा: एस, ए, टी, आय, पी, एन. हीच सहा आधी का? कारण एवढ्यांतूनच सॅट, पिन, टॅप, निप, पॅन असे ढीगभर शब्द तयार होतात, म्हणजे पोर पहिल्या काही दिवसांतच 'वाचलं' असं म्हणू शकतं. एकूण ४२ ध्वनी. ऑनलाइन वर्गात आम्ही नांदेडपासून बेळगावपर्यंतच्या बायका. सगळ्यांचे माईक चालू, आणि सगळ्या 'स्स्स्स' करताहेत. नवऱ्याने बाहेरून दार वाजवून विचारलं, "घरात काही शिरलंय का?"

प्रशिक्षक बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "पी चा ध्वनी 'प' नाही, नुसता ओठ फुटल्यासारखा. मागे 'अ' लावू नका." आम्हाला जमेना. 'प', 'ट', 'न' म्हणायची जन्माची सवय. त्यात 'अ' दडलेला असतोच. मग 'प-ॲ-ट' जोडून मुलं 'पअॅटअ' म्हणतात. आणि वर्गात मी हेच समजावत असताना तिसरीतला एक पोरगा म्हणाला, "म्हंजी पाय मोडका प का, बाई?" मी फळ्याकडे बघतच राहिले. प्! आपल्याकडे यासाठी चिन्ह आहे, शब्द आहे, आणि पोरांना तो पहिलीपासून ठाऊक आहे. मी फळ्यावर प्, ट्, न् लिहिले आणि सगळ्यांनी एका झटक्यात बरोबर म्हटलं. जी गोष्ट हजारो रुपये भरून मला नीट कळली नव्हती ती बाराखडी शिकलेल्या पोराने फुकटात सांगितली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि कोर्सच्या पुस्तकांत ते कुठेच नव्हतं. ती पुस्तकं ज्या मुलांसाठी लिहिली आहेत त्यांना बाराखडी येत नसते. आमच्या पोरांना ध्वनी जोडून वाचायची कला आधीच येत असते, फक्त ती दुसऱ्या लिपीतली असते.

अर्थात आनंद फार टिकला नाही. 'वन' आणि 'सेड' फळ्यावर आले आणि सगळे ध्वनी कोसळले. "बाई, हे असं का लिहित्यात? आपल्यात बरंय, लिवलंय तसं म्हणायचं." मी 'सिंह' लिहिलं आणि म्हणायला लावलं. मग 'चार' आणि 'चमचा'. पोरं आधी हसली, मग गप्प झाली. त्यांना आपल्या भाषेतही घोळ आहे हे पहिल्यांदाच कळलं होतं. त्या तासाला इंग्रजी काहीच झालं नाही.

दरम्यान भाचीने एक बातमी दिली, तिने मी बरीच हलले. सगळ्या कोर्सांत पहिलं वाक्य असतं: जितकं लहान वय, तितकी भाषा चांगली. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. स्पेनमध्ये परकी भाषा सुरू करायचं वय अकरावरून आठवर आणलं गेलं होतं, त्यामुळे दोन्ही तऱ्हांची मुलं तुलनेला मिळाली. तास सारखेच मिळाले तर उशिरा सुरू करणारी मुलं पुढे निघाली! लहानांना भाषा सहज येते ती दिवसभर कानावर पडत असेल तर. आठवड्याला चार-दोन तास मिळत असतील तर मोठं मूल नियम पकडून लवकर शिकतं. मी भाचीला विचारलं, मग पहिलीपासून इंग्रजी कशाला, आणि मी तरी कशाला? ती म्हणाली, "म्हणूनच तर ट्रेनिंग लागतं, मावशी. लहानांना नियम सांगून उपयोग नाही, आणि वेळ तर थोडाच. त्यातला वायाला किती जातो ते बघायला नको?" माझे नामाचे तास मी मनातल्या मनात नावे टाकले.

हे गुरुजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एकदा मी मागे बसू का?" आंतरजिल्हा बदली होऊन यायच्या आधी ते जिथे होते तिथे 'तेजस' नावाचा प्रकल्प चालायचा, ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य सरकारचा मिळून. प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट नियमाने भेटायचे, कोणाचं काय जमलं आणि काय फसलं ते सांगायचे. तसं डी.एड. ला त्यांनी सूक्ष्मपाठही घेतलेले: पाच-सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, लगेच अभिप्राय, आणि तोच पाठ पुन्हा. म्हणजे हा माणूस प्रशिक्षित होता, शेजारच्या खोलीत होता, आणि मी प्रशिक्षण शोधत इंटरनेटभर हिंडत होते.

तास संपल्यावर त्यांनी एक कागद दिला. माझ्या पाठ टाचणाबद्दल त्यावर एक शब्द नव्हता. फक्त बैठकीचा नकाशा, आणि प्रत्येक मुलाच्या जागी रेघा: कोण किती वेळा बोललं. पुढची तीन पोरं रेघांनी भरलेली. खिडकीजवळची रांग कोरी करकरीत. खाली लिहिलं होतं: 'प्रश्न विचारल्यावर उत्तर स्वतःच देता.' मी म्हटलं, छे. त्यांनी दुसऱ्या तासाला मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकवलं. "व्हॉट कलर इज इट? रेड! इट इज रेड." माझाच आवाज. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात असंच वर्गांचं मुद्रण ऐकून मोजलं होतं, हे मागाहून वाचलं: शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभर थांबतात, तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काही नाही, असं वाटतं. वर्गापुढे गप्प उभं राहून बघा. मी मनात आकडे मोजत उभी राहिले तेव्हा पुढचा पोरगा हळूच म्हणाला, "बाई, इसरला का?" पण खिडकीजवळच्या रांगेतून 'यलो' आलं. चुकीचं होतं, तरी आलं.

शेजारच्या वहिनींनी मध्ये विचारलं. त्यांना घरी मुलांचे क्लास काढायचेत, एका कोर्सवाल्यांनी हप्त्यांची सोय दिलीय, घ्यावा का? कर्ज मंजूर करताना विचारायचे तसेच प्रश्न मी विचारले. शिकवताना तुम्हाला कोणी बघणार आहे का? समोर खरी मुलं असणार आहेत का, की एकमेकींना मुलं समजून शिकवायचं? शिकवणाऱ्या बाईने आपल्यासारख्या मुलांना, घरात इंग्रजी न बोलणाऱ्या, कधी शिकवलंय का? तिन्हींची उत्तरं 'नाही' असली तर मी मंजूर करणार नाही, सर्टिफिकेटवर कितीही सोनेरी शिक्का असला तरी. पण प्रशिक्षण नकोच, असंही माझ्याने म्हणवत नाही. त्या स्वस्तातल्या कोर्सने मला 'सायलेंट पीरियड' हा शब्द दिला नसता तर त्या मुलीचा डावा कान मला दिसला असता, पण कळला नसता. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे घेऊ का नको?" मी म्हटलं, आधी गुरुजींच्या वर्गात चार दिवस मागे बसा. त्यांना हे फारसं आवडलं नाही. क्लासची पाटी आधीच रंगवून झाली होती.

भाचीने सगळ्यात शेवटी एन. एस. प्रभूंबद्दल सांगितलं, आणि माझं मत असं की सुरुवात तिथूनच करायला हवी होती. १९७९ ते ८४ या काळात त्यांनी बंगळूर, मद्रास अशा दक्षिणेतल्या ठिकाणच्या साध्यासुध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचा वेगळा पाठ नाही; मुलांना नकाशे, रेल्वेचं वेळापत्रक असं काही द्यायचं आणि त्यातलं कोडं सोडवायला लावायचं. डोकं कोड्यात गुंतलं की भाषा वाटेत येते, असा हिशेब. 'टास्क' म्हणतात त्याला. मी वहीत 'काम' लिहिलं. जगभर आज या पद्धतीच्या चर्चेत त्या प्रयोगाचं नाव येतं. प्रभूंनी पुढे १९९० मध्ये एक लेख लिहिला, सर्वोत्तम अशी एकच पद्धत का नसते, यावर. शिक्षकाला आतून पटलेलं असलं तर शिकवणं जिवंत राहतं आणि यंत्रासारखं झालं की कुठलीही पद्धत मरते, असा त्याचा रोख.

आमच्या गावाला रेल्वे नाही, म्हणून मी एसटी घेतली. तिसरीसाठी फळ्यावर तक्ता काढला: सातारा, महाबळेश्वर, पुणे, आणि पुढे वेळा. "व्हिच बस गोज टू पुणे?" विचारलं, आणि गप्प राहिले. मनात तीनपर्यंत मोजलं, चारपर्यंत मोजलं. एक जण म्हणाला, "नो बस, टीचर." मी बोटाने ओळ दाखवली. "नो, टीचर. बस बंद." दुसरी उठली, "एट नो. सेव्हन थर्टी!" तिसऱ्याचा बाप वाई आगारात वाहक, तो तर थेट फळ्याशीच आला. माझा तक्ता कधीकाळी स्टँडवरून उतरवलेला, जुना. आणि ही पोरं रोज त्याच गाड्यांकडे बघत मोठी झालेली. तासभर मला इंग्रजीत दुरुस्त करणं चालू होतं: "नॉट सातारा, टीचर, मेढा", "टू बस, वन मॉर्निंग, वन इव्हनिंग". क्रियापद एकाही वाक्यात नव्हतं आणि मी एकदाही टोकलं नाही. शेवटी फळ्यावर अख्खं नवं वेळापत्रक तयार झालं. मी मोबाइलमध्ये त्याचा फोटो घेतला. शुक्रवारी मला पुण्याला जायचं होतं आणि आठची गाडी धरायला निघाले असते.